नावानिशी

आमच्या सोसायटीची जमीन अजून सोसायटीच्या नावावर झालेली नाही. इमारत उभी राहिली, तिचा रंग उडाला, पुन्हा दिला, फाटकाशी लावलेल्या बकुळीचा सडा पडू लागला, तरी बिल्डरने कन्व्हेयन्स करून दिलेलं नाही. मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी गच्चीवर सभा भरली. टाकीच्या आडोशाला प्लास्टिकच्या खुर्च्या, पायाखाली अजून तापलेली फरशी, कुणीतरी आणलेलं कोकम सरबत. बोलणं मात्र मोकळं झालं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळ्यांनी बाहेर काढलं. शेवटी ठराव आला की बिल्डरला सर्व सभासदांच्या सह्यांचं पत्र द्यायचं आणि महिन्याभरात उत्तर आलं नाही तर उपनिबंधकांकडे जायचं. संमती असलेल्यांनी हात वर करा म्हटल्यावर सगळे हात वर गेले. मग मी पत्र पॅडला लावून पहिल्या रांगेपाशी गेले आणि गच्चीवरचा आवाज एकदम उतरला. "आमच्या ह्यांना दाखवते, रात्री वर आणून देते." "आधी कमिटीच्या होऊ देत की." "पुढं फ्लॅट नंबर घालायलाच हवा का गं?" एका काकांचा मुलगा त्याच बिल्डरच्या दुसऱ्या साइटवर इंजिनियर आहे. त्यांनी पेन हातात घेतलं, पत्र परत एकदा वाचलं आणि पेन मला देऊन टाकलं. मला त्यांचा राग आला नाही. पण थोड्या वेळापूर्वी याच माणसांचे हात वर होते, मनापासून होते, आणि आता ते मांडीवर होते, हे डोक्यातून जाईना.

हात वर करणं आणि खाली नाव लिहिणं, यात एवढं अंतर का पडावं?

मी सह्यांमध्येच वाढले. आमचे अण्णा तासगावच्या कचेरीबाहेर दस्त लिहायचे. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, भाडेपट्टा. लिंबाच्या झाडाखाली सतरंजी, पुढ्यात उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, पेटीत स्टॅम्प पेपर, टाक, दौत आणि अंगठ्याच्या ठशांसाठी जांभळ्या शाईचं पॅड. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचे. 'लिहून देणार', 'लिहून घेणार', पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, अशा चतुःसीमा कानावर पडत राहायच्या. दस्त लिहून झाला की अण्णा तो मोठ्याने वाचून दाखवायचे आणि सही करणारा पेनाकडे हात न्यायला लागला की म्हणायचे, "थांब. चहा पिऊन ये, मग कर. सही झाली की मागं फिरता येत नाही, बाबा." लोक खरंच समोरच्या गाड्यावर जाऊन चहा पिऊन यायचे. एखादा परत यायचाच नाही. अण्णांचे त्या दिवसाचे पैसे बुडायचे, पण ते कधी चिडल्याचं आठवत नाही. दुसरी गोष्ट खाडाखोडीची. लिहिताना एखादं अक्षर राहिलं आणि ते ओळीच्या डोक्यावर चढवलं, तर त्याच्या शेजारी दोन्ही पक्षांची छोटी सही घेतल्याशिवाय अण्णा कागद पुढे सरकवत नसत.

वॉशिंग्टनला लेकीकडे गेले होते तेव्हा ती मला राष्ट्रीय अभिलेखागारात घेऊन गेली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा तिथे ठेवला आहे. उंच घुमटाखालचं गोल दालन, संगमरवर, गार हवा आणि इतका मंद उजेड की आत शिरल्यावर आधी पायाखालचं दिसेना. पेटीत आर्गॉन वायू भरलेला, फोटो काढायला बंदी. माणसं काचेवर वाकायची, काहीतरी शोधायची आणि गोंधळल्यासारखी पुढे सरकायची, कारण त्या तावावर जवळजवळ काही उरलेलंच नाही. जनावराच्या कातड्याचा तो ताव साधारण २४ बाय ३० इंचांचा आहे. वरचा मथळा वाचता येतो, मधला मजकूर डोळे ताणले तर थोडाफार, आणि खाली, जिथे ५६ जणांनी सह्या केल्या, तिथे फिकट तपकिरी सावल्या. १८४१ पासून पुढची ३५ वर्षं हा ताव पेटंट ऑफिसच्या इमारतीत खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगलेला होता. उन्हाने शाई खाल्ली. खालच्या डाव्या कोपऱ्यात मात्र कुणाच्या तरी पंजाचा ठसा आहे. विसाव्या शतकात, हाताळताना, कधीतरी पडलेला. ज्यांनी जिवावर उदार होऊन नावं लिहिली त्यांची नावं विरली आणि ज्याचा त्या कागदाशी काही संबंध नव्हता त्याचा हात राहिला. मी तिथे बराच वेळ उभी होते. मागच्या रांगेतल्या एका लहान मुलीने वडिलांना विचारलं की इथे लिहिलेलं कुठे आहे. ते तिला उचलून काचेजवळ घेऊन गेले.

आपण चित्रांत पाहतो तो ठसठशीत कागद विल्यम स्टोन या खोदकाऱ्याने १८२३ साली तांब्याच्या पत्र्यावर उतरवलेली प्रतिमा आहे. मूळ शाई तेव्हाच फिकी पडू लागली होती म्हणून ते काम काढलं होतं. तिथल्या दुकानातून मी त्याची एक छापील प्रत आणली आणि घरी आल्यावर भिंग घेऊन बसले. अक्षर फार सुरेख आहे. ते टिमथी मॅटलॅक या, काँग्रेसच्या म्हणजे तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेच्या, कारकुनाचं असावं असं मानतात. आणि त्या सुरेख अक्षरात दोन ठिकाणी शब्द ओळीच्या डोक्यावर चढवलेला आहे. एका जागी 'रिप्रेझेंटेटिव्ह' लिहिताना मधली दोन अक्षरं राहून गेली, ती खूण करून वर घातलीत. दुसरीकडे 'ओन्ली' हा अख्खा शब्द. एका राष्ट्राच्या जन्माचा दस्त, आणि फेअर करताना राहिलेलं अक्षर तसंच वर टांगलेलं! शेजारी कुणाचीही छोटी सही नाही. अण्णांनी हा कागद परत केला असता. पण मला त्या दोन खुणा बघून बरं वाटलं. एक माणूस वाकून लिहित होता, त्याची मान दुखत होती, मधेच कुणीतरी हाक मारली असेल, असं सगळं त्या खुणांमधून माझ्यापर्यंत पोचलं.

त्या दिवसापासून मी या कागदाच्या मागे लागले. मजकूर थोर आहे हे शाळेत शिकवलेलं होतंच. मला वेड लागलं ते सह्यांचं.

तिकडे ४ जुलै हा सणाचा दिवस, आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र असतं की १७७६ च्या ४ जुलैला सगळे फिलाडेल्फियातल्या त्या दालनात जमले आणि एकेकाने सही केली. खरा क्रम असा नाही. इंग्लंडच्या राजापासून स्वतंत्र व्हायचं हा निर्णय झाला २ जुलैला. तेरांपैकी बारा वसाहतींनी होकार दिला, न्यूयॉर्कला घरून अधिकार नव्हता म्हणून ती गप्प राहिली. डेलावेअरची मतं एकास एक अडली होती, तेव्हा सीझर रॉडनी हा दम्याचा आजारी माणूस वादळी पावसात रात्रभर प्रवास करून, सुमारे ८० मैल, मतदानाला येऊन पोचला. पेनसिल्व्हेनियाचे जॉन डिकिन्सन आणि रॉबर्ट मॉरिस मुद्दाम सभागृहाबाहेर राहिले, म्हणून त्यांच्या वसाहतीचा होकार निघाला. जॉन अ‍ॅडम्सने दुसऱ्या दिवशी बायकोला लिहिलं की २ जुलै हा दिवस पुढच्या पिढ्या घंटा वाजवून, आतषबाजी करून साजरा करतील. आतषबाजीचं त्याचं खरं ठरलं, तारखेचं नाही. ४ जुलैला मंजूर झाला तो मजकूर. म्हणजे २ तारखेचे ते वर गेलेले हात, आणि ४ तारखेचा तो ठरावाचा मसुदा.

सही अजून महिनाभर लांब होती.

मसुदा लिहिला तेहतीस वर्षांच्या टॉमस जेफरसनने. सातव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जेकब ग्राफ नावाच्या गवंड्याचं नवं विटांचं घर होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर जेफरसनने दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. लिहिण्यासाठी त्याने एक छोटं घडीचं मेज स्वतः आखून एका सुताराकडून बनवून घेतलं होतं. महोगनीचं, मांडीवर मावेल असं, एका बाजूला कागद-शाई ठेवायचा खण. ते आता वॉशिंग्टनच्याच एका संग्रहालयात आहे. मी ते पाहिलं आणि मला तासगावच्या लिंबाखालची पेटी आठवली. उतरतं झाकण, खण, सगळं तसंच. जेफरसन हिशेबाचा पक्का. ४ जुलैला त्याने थर्मामीटर खरेदीचे पैसे चुकते केले, बायकांच्या हातमोज्यांचे सात जोड घेतले आणि दुपारी एक वाजताचं तापमान नोंदवून ठेवलं, ७६ अंश फॅरनहाइट. बायको मार्था व्हर्जिनियात आजारी होती. देश जन्माला येत होता त्या दिवशी हा माणूस हातमोजे घेत होता, हे वाचून मला त्याच्याबद्दल जिव्हाळा वाटला. पुढे जे कळलं त्याने तो जिव्हाळा अडखळला, पण गेला असं नाही म्हणता येत.

२ ते ४ जुलै काँग्रेसने त्याच्या मजकुराची काटछाट केली. जवळपास एक चतुर्थांश भाग उडाला. जेफरसन बोलणारा गडी नव्हता, तो गप्प बसून सोसत होता. शेजारी सत्तर वर्षांचा फ्रँकलिन. त्याने जेफरसनचं मन रमवायला एका टोपीवाल्याची गोष्ट सांगितली. जॉन थॉम्प्सन नावाच्या टोपीवाल्याने दुकानावर पाटी लावायचं ठरवलं: जॉन थॉम्प्सन, टोपीवाला, टोप्या बनवतो आणि रोखीने विकतो, खाली टोपीचं चित्र. मित्रांना दाखवली. एक म्हणाला, टोप्या बनवतो म्हटलंस तर टोपीवाला कशाला? दुसरा म्हणाला, बनवणारा कोण याच्याशी गिऱ्हाइकाला काय करायचंय? तिसरा म्हणाला, इथे उधारीची पद्धत नाही, रोखीने कशाला? चौथा म्हणाला, विकतो म्हणजे काय, फुकट देशील असं कुणाला वाटतं का? शेवटी पाटीवर उरलं नाव आणि टोपीचं चित्र. ही गोष्ट जेफरसनने म्हातारपणी स्वतः लिहून ठेवली आहे, म्हणजे ती त्याला शेवटपर्यंत लागून राहिली. कापलेल्या भागात एक परिच्छेद गुलामांच्या व्यापाराबद्दल होता. त्याचा सगळा दोष त्याने राजाच्या माथी मारला होता. दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाला तो नको होता, आणि जेफरसनच्या म्हणण्याप्रमाणे उत्तरेच्या काही मंडळींनाही तो सोयीचा नव्हता, कारण जहाजं त्यांची होती. तो गेला.

४ जुलैच्या रात्री जॉन डनलॅपच्या छापखान्यात सुमारे २०० प्रती निघाल्या. घोडेस्वार त्या घेऊन तेरा वसाहतींत गेले. ८ तारखेला फिलाडेल्फियात कर्नल निक्सनने ती लोकांसमोर वाचली. ९ तारखेला न्यूयॉर्कमध्ये सैन्यासमोर वाचली गेली आणि जमावाने राजा तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा पुतळा दोर लावून पाडला. पुढे त्याच्या गोळ्या ओतल्या. सगळीकडे जल्लोष. पण त्या छापील कागदावर नावं दोनच होती, अध्यक्ष जॉन हॅनकॉक आणि साक्षीला सचिव चार्ल्स थॉमसन. बाकीच्यांची नावं कुठेही नव्हती. जग ढवळून काढणारा कागद गावोगाव वाचला जात होता आणि तो कुणाचा, हे छापलेलं नव्हतं. 'आधी कमिटीच्या होऊ देत' हे वाक्य मला इथे ऐकू आलं, आणि या वेळी त्यातली भीती जास्त नीट कळली. तेव्हा राजद्रोहाला फाशीची शिक्षा होती, आणि न्यूयॉर्कच्या बंदरात त्या आठवड्यात इंग्रजांची गलबतं येऊन थडकत होती.

१९ जुलैला ठरलं की मजकूर कातड्यावर मोठ्या अक्षरात उतरवायचा आणि प्रत्येकाने खाली सही करायची. २ ऑगस्टला ते झालं. या मधल्या महिन्यात पुष्कळ गोष्टी हलल्या. मसुदा समितीतला रॉबर्ट लिव्हिंग्स्टन न्यूयॉर्कला परत गेला, त्याची सही नाहीच. २ जुलैला बाहेर राहिलेल्या मॉरिसने सही केली. डेलावेअरच्या जॉर्ज रीडने तर विरोधात मत दिलं होतं, त्यानेही केली. बेंजामिन रश निवडूनच आला २० जुलैला, त्याचं मत कधी पडलंच नव्हतं, पण नाव पडलं. जवळून पाहिलं की तो कागद एका दमात झालेला नाही हे कळतं. कुणी नंतर येऊन मिळालं, कुणी मन बदललं, कुणी हरलेल्या बाजूला होतं आणि तरी बहुमताबरोबर स्वतःची मान पुढे केली. रीडचं मला विशेष वाटतं. ज्या निर्णयाला आपण नको म्हटलं त्याच्याखाली नाव घालणं, तेही फाशीच्या भीतीत.

त्या दिवशीचं वर्णन रशने पस्तीस वर्षांनी, १८११ साली, अ‍ॅडम्सला लिहिलेल्या पत्रात आहे. एकेकाला अध्यक्षांच्या मेजापाशी बोलावत होते, सभागृहात जड, भयाण शांतता होती, आपण आपल्याच मृत्युदंडावर सही करतोय असं अनेकांना वाटत होतं. ती शांतता एकदाच मोडली. व्हर्जिनियाचा धिप्पाड बेंजामिन हॅरिसन मॅसॅच्युसेट्सच्या किडकिडीत एल्ब्रिज गेरीला म्हणाला की आपल्याला टांगतील तेव्हा माझं बरं आहे, मी वजनाने पटकन मरेन, तू हलका, तू तास-दोन तास हवेत नाचत राहशील. रश लिहितो की क्षणभर हसू आलं आणि लगेच पुन्हा तीच शांतता. रोड आयलंडच्या स्टीफन हॉपकिन्सचा हात कापत असे. त्याची सही कागदावर तशीच थरथरती उतरली आहे. आणि मेरीलँडच्या चार्ल्स कॅरोलने सही केली ती गावासकट, 'कॅरोल्टनचा चार्ल्स कॅरोल' अशी. घराण्यात त्याच नावाची माणसं बरीच होती, म्हणून तो नेहमीच तशी सही करायचा. म्हणजे गोंधळ होऊन दुसऱ्याच्या दारात शिपाई जायचीही सोय त्याने ठेवली नाही. तो वसाहतींतल्या सगळ्यांत श्रीमंत माणसांपैकी एक होता, गमावण्यासारखं त्याच्याकडे बख्खळ होतं. सही करणाऱ्यांत तोच सर्वांत शेवटी गेला, १८३२ मध्ये, पंचाण्णव वर्षांचा होऊन. आमच्या पत्रावरच्या फ्लॅट नंबराच्या रकान्याकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते.

किंमत सगळ्यांनी सारखी दिली नाही. सहीपायी कुणाला फाशी झाली नाही. काही जण युद्धात पकडले गेले, काहींची घरं लुटली. न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस लुईसचं घर इंग्रज सैन्याने उद्ध्वस्त केलं आणि त्याच्या बायकोला, एलिझाबेथला, कैदेत टाकलं. सुटून आली तेव्हा तब्येत पार ढासळली होती. १७७९ मध्ये ती गेली. तिची सही कुठेच नव्हती.

आणि ज्याने सही केली नाही तो जॉन डिकिन्सन. शाळेच्या गोष्टीत असा माणूस भेकड ठरतो. डिकिन्सनचं म्हणणं होतं की घाई होतेय, परदेशाची मदत पक्की नाही, वसाहतींचा आपापसातला करार झालेला नाही, वादळात कागदी होडी घालू नये. हे त्याने १ जुलैला भर सभेत, आपलं राजकारण इथेच संपतंय हे माहीत असून सांगितलं. मत पडायच्या वेळी दूर राहिला, सही नाकारली, आणि मग आपल्या पेनसिल्व्हेनियाच्या पलटणीबरोबर न्यू जर्सीच्या आघाडीवर गेला. ज्या कागदावर नाव घालणं त्याला पटलं नाही, त्याच कागदासाठी तो बंदूक घेऊन उभा राहिला. १७७७ मध्ये त्याने आपल्या गुलामांच्या मुक्ततेचा अटी घातलेला दस्त केला आणि १७८६ पर्यंत अटी काढून टाकून सगळ्यांना सोडलं. जेफरसनने सर्व माणसं समान निर्माण झाली असं लिहिलं, आणि उभ्या आयुष्यात सहाशेहून अधिक माणसं मालकीची म्हणून ठेवली. या दोघांना समोरासमोर ठेवलं की मला कुणा एकाची बाजू घेऊन मोकळं होता येत नाही. डिकिन्सनने ते वाक्य लिहिलं नसतं. जेफरसनने ते लिहिलं म्हणून तर पुढच्यांना ते वापरता आलं.

ग्राफच्या घरातल्या त्या दोन खोल्यांत जेफरसन एकटा नव्हता. रॉबर्ट हेमिंग्ज नावाचा चौदा वर्षांचा मुलगा त्याच्याबरोबर होता, त्याचा गुलाम. बॉब म्हणायचे त्याला. तो मार्थाच्या वडिलांचा मुलगा, म्हणजे जेफरसनच्या बायकोचा सावत्र भाऊ, नात्याने मेहुणा. मेहुणा खोलीत, आणि मांडीवरच्या मेजावर ते वाक्य. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. बॉबच्या कामाचा कागद ५६ सह्यांचा हा ताव नव्हताच. त्याला हवा होता एका सहीचा. तो मिळायला १७९४ चा डिसेंबर उजाडला. रिचमंडमधल्या ज्या डॉक्टरकडे त्याची बायको गुलाम होती त्या डॉक्टरने पैसे पुढे केले, जेफरसनने नाराजीनेच मान्य केलं, आणि २४ डिसेंबरला स्वतःच्या हाताने मुक्ततेचा दस्त लिहून सही केली. पहिला कागद लिहिला तेव्हा चौदा वर्षांचा असलेला मुलगा दुसरा कागद हातात पडला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता.

मला वाटतं, या जाहीरनाम्याचा इतिहास म्हणजे ज्यांची नावं त्यावर नव्हती त्यांनी तो आपल्या नावावर करून घेण्याचा इतिहास आहे. जानेवारी १७७७ मध्ये बोस्टनच्या प्रिन्स हॉल आणि इतर कृष्णवर्णीयांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाला अर्ज दिला, त्यात स्वातंत्र्याचा नैसर्गिक हक्क त्यांनी जाहीरनाम्याच्याच भाषेत मागितला. १८४८ मध्ये सेनेका फॉल्सला बायकांनी तोच मजकूर समोर घेऊन त्यात स्त्रियांना घातलं आणि खाली सह्या केल्या, ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुष. १८५२ मध्ये, ४ जुलैच्या दुसऱ्या दिवशी, गुलामीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसने रॉचेस्टरमध्ये उभं राहून विचारलं की तुमचा हा ४ जुलै गुलामाचा कोण लागतो. आणि या साखळीची एक कडी आपल्या पुण्यात आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापलं तेव्हा ते अर्पण केलं युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्याच्या कामी निरपेक्ष बुद्धीने झीज सोसली त्यांना, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा अशी आशा लिहिली. जोतीरावांनी निवड किती नेमकी केली पाहा. टॉमस पेनचे विचार त्यांनी तरुणपणी वाचले होते, अमेरिकेच्या स्वातंत्र्याची गोष्ट त्यांना ठाऊक होती. तरी मान दिला तो १७७६ च्या सह्यांना नाही, नव्वद वर्षांनी त्या सह्यांचं देणं फेडणाऱ्यांना. आणि पुस्तकावर स्वतःचं नाव घातलं, त्या काळातल्या पुण्यात, जिथे त्या नावापायी काय काय सोसावं लागेल हे त्यांना पुरतं माहीत होतं. मारेकरी घरात शिरून गेल्याची आठवण जुनी झाली नव्हती.

पण ५६ नावं लोकांपुढे आली कशी, ते राहिलं. डिसेंबर १७७६ मध्ये इंग्रज जवळ आले तेव्हा काँग्रेस फिलाडेल्फिया सोडून बाल्टिमोरला गेली. ट्रेंटन आणि प्रिन्स्टनच्या विजयांनंतर जीवात जीव आला आणि १८ जानेवारी १७७७ ला ठरलं की आता जाहीरनामा सगळ्यांच्या नावांसकट छापायचा. काम गेलं मेरी कॅथरीन गोडार्डकडे. ती बाल्टिमोरला छापखाना आणि वर्तमानपत्र चालवायची, आणि तिथली पोस्टमास्तरही होती. एरवी आपल्या छपाईखाली ती 'एम. के. गोडार्ड' एवढंच घालायची, त्यातून बाई की पुरुष ते कळत नसे. या कागदाच्या तळाशी तिने पूर्ण नाव जुळवलं, मेरी कॅथरीन गोडार्ड. खिळे एकेक करून उलटे लावायचे असतात, नाव चुकून पडत नाही. ५६ जणांतल्या टॉमस मकीनचं नाव त्या यादीत नाही, बहुधा त्याची सही तोवर व्हायचीच होती. म्हणजे मकीनच्या आधी त्या कागदावर गोडार्डचं नाव आलं. तिला कुणी मेजापाशी बोलावलं नव्हतं, कुणी तिचा मान राखून शांत झालं नव्हतं. तीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हे, तिच्याही घरी एक गुलाम बाई होती, बेलिंडा स्टार्लिंग. १८१६ मध्ये मरताना गोडार्डने तिला मुक्त केलं आणि आपली मालमत्ता तिच्या नावावर केली.

१७८९ मध्ये नवं सरकार आलं आणि गोडार्डला पोस्टातून काढलं. कारण असं दिलं की या कामात आता बाईला झेपणार नाही इतका प्रवास असेल. चौदा वर्षं तिने ते ऑफिस चालवलं होतं. तिने दाद मागितली, थेट राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनपर्यंत लिहिलं. आणि बाल्टिमोरच्या दोनशेहून अधिक नागरिकांनी, बहुतेक व्यापारी, तिला परत घ्या असा अर्ज करून खाली सह्या केल्या. नोकरी परत मिळाली नाही. तिने पुस्तकांचं दुकान चालवून पोट भरलं. हॅनकॉकची सही आता सगळं जग ओळखतं, ती टी-शर्टावर आणि कपांवर असते. मला त्या दुसऱ्या कागदावरची नावं हवी आहेत. सरकार नवं, पोस्टमास्तर जनरल नाराज, बाईची बाजू घेऊन हातात काही पडणार नाही, आणि तरी दोनशे दुकानदारांनी, कुणी सूतवाला असेल, कुणी पिठाचा व्यापारी, आपापल्या दुकानाच्या नावाला जोखीम घेऊन सही केली. लेकीला मी सांगून ठेवलंय की तो अर्ज छापलेला जिथे मिळेल तिथून पाठव, पानं कितीही होऊ देत, आणि नावं गाळू नकोस.